पाहुण्यांची करमणूक आणि कायदा : सातारा-सांगली परिसराच्या संदर्भात

प्रस्तावना :
बँकॉकसारख्या आग्नेय आशियाई शहरात प्रवाशांसाठी चालणारे बार आणि रात्रीची करमणूक हा पर्यटन व्यवसायाचा भाग मानला जातो. महाराष्ट्रात मात्र या विषयाचा इतिहास बंदी आणि सवलत यांचा इतिहास आहे. येथे करमणुकीच्या स्वरूपाइतकेच ती कोणासाठी आहे, यावर कायद्याची दृष्टी अवलंबून राहिली. सातारा-सांगली परिसराच्या आधारे हे सूत्र तपासणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

क्लब आणि कनात :
१८२९ साली छत्रपती प्रतापसिंह महाराजांशी झालेल्या करारान्वये महाबळेश्वर इंग्रजांकडे गेले. गव्हर्नर जॉन माल्कम यांच्या नावावरून तेथील वस्तीस माल्कमपेठ हे नाव मिळाले. उन्हाळ्यात मुंबई सरकारचा मुक्काम येथे असे. १८८१ मध्ये येथे क्लब स्थापन झाला. क्लब ही सभासद व त्यांचे पाहुणे यांच्यापुरती मर्यादित संस्था होती. याच मुलखातील रयतेची करमणूक मात्र जत्रेतील तमाशाच्या कनातीत होत असे. पठ्ठे बापूराव (१८६६-१९४५) हे आजच्या सांगली जिल्ह्यातील रेठरे हरणाक्षचे. काळू-बाळूंचा फड कवलापूरचा. या कलेस लोकाश्रय अफाट होता, परंतु प्रतिष्ठित समाजाने तिच्यावर अश्लीलतेचा शिक्का मारला.

दारूबंदी आणि परवाने :
१९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्याने सर्वसामान्यांना मद्यपान निषिद्ध ठरविले. मात्र त्याच कायद्यात परकीय नागरिक व बाहेरून येणारे प्रवासी यांच्यासाठी परवान्यांची तरतूद होती. पुढे बंदी शिथिल झाली, तरी परवान्याची चौकट टिकून राहिली. पुणे-बंगळूर महामार्गावर सातारा, कराड ओलांडताना हॉटेलांच्या पाट्यांवर दिसणारा 'परमिट रूम' हा शब्द त्या काळाचाच अवशेष होय.

२००५ ची डान्स बार बंदी :
तासगाव तालुक्यातील अंजनी येथील आर. आर. पाटील राज्याचे गृहमंत्री असताना २००५ मध्ये डान्स बारवर बंदी घालण्यात आली. तरुणांची उधळपट्टी, कुटुंबांची वाताहत आणि स्त्रियांचे शोषण ही कारणे पुढे करण्यात आली. ग्रामीण महाराष्ट्रात या निर्णयाला मोठा पाठिंबा मिळाला. ही चिंता निराधार होती असे म्हणता येणार नाही.
तथापि कायद्याची रचना पाहता वेगळे चित्र दिसते. मुंबई पोलीस कायद्यात समाविष्ट केलेल्या कलम ३३-अ अन्वये उपाहारगृहे, परमिट रूम व बिअर बार यांतील नृत्यास मनाई झाली. कलम ३३-ब अन्वये मात्र नाट्यगृहे, केवळ सभासदांना प्रवेश देणारे क्लब व जिमखाने, तसेच तीन किंवा त्याहून अधिक तारांकित हॉटेले वगळण्यात आली. पर्यटन धोरण विचारात घेऊन इतर आस्थापनांना सूट देण्याचा अधिकारही शासनाने स्वतःकडे ठेवला. म्हणजेच १८८१ च्या महाबळेश्वरातील सभासदत्वाची कसोटी २००५ च्या कायद्यात पुन्हा अवतरली.

न्यायालयीन संघर्ष :
१२ एप्रिल २००६ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने ही बंदी समानता आणि व्यवसायस्वातंत्र्य या मूलभूत हक्कांशी विसंगत ठरविली. १६ जुलै २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हा निर्णय कायम केला. बंदीमुळे ७५,००० हून अधिक स्त्रिया बेरोजगार झाल्याची नोंद त्या निकालपत्रात आहे. यांतील अनेक स्त्रिया पारंपरिक नृत्यावर उपजीविका करणाऱ्या समाजांतून आल्या होत्या. शासनाने २०१४ मध्ये सवलती काढून सर्वांनाच बंदी लागू केली. तिला ऑक्टोबर २०१५ मध्ये स्थगिती मिळाली. २०१६ च्या नव्या कायद्यातील अनेक जाचक अटी जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रद्द केल्या. नर्तकींवर पैसे उधळण्यावरील बंदी मात्र कायम ठेवली.

निष्कर्ष :
वरील विवेचनावरून असे दिसते की, वसाहतकाळापासून पाहुणे, सभासद आणि धनिक यांच्या करमणुकीस शासनाने सुविधा मानले, तर सामान्यांच्या करमणुकीस नैतिक प्रश्न मानले. २०१४ ची दुरुस्ती हा यास अपवाद होता. परंतु त्या समानतेतही नाचणाऱ्या स्त्रीच्या उपजीविकेचा विचार नव्हता. शोषण रोखावयाचे असेल, तर प्रेक्षकाच्या प्रतिष्ठेऐवजी कलावंत स्त्रीची सुरक्षितता, वेतन व पर्यायी रोजगार हे कायद्याचे निकष असावयास हवेत. तमाशाला आश्रय देणाऱ्या या भूमीतील अभ्यासकांनी या अंगाने अधिक संशोधन करणे आवश्यक आहे.