बोअर न मारायचा ठराव

हेडफोन जवळ नसेल तर आजचा भाग वाचून घ्या, चालतंय.

एक प्रश्न. तुमच्या गावाकडे मोटार कोण चालू करतं? बऱ्याच घरांत उत्तर येईल, 'कुणीच नाही.' लाईट रात्री दोनला येते, ऑटो स्विच लावून ठेवलेला असतो, मोटार आपोआप सुरू होते. नाहीतर मोबाईल स्टार्टर. पुण्यात बसून नगरच्या रानात पाणी सोडायचं. मग भूजल आटलं, तर ते आटवलं कुणी? स्विचनं?

जरा मागे जाऊ. मोट तुम्ही पाहिली नसेल. बैलजोडी धावेवरून उतरायची, चामड्याची मोट भरून वर यायची, थारोळ्यात रिकामी व्हायची. पुन्हा मागे, पुन्हा पुढे. बैल दमले की पाणी बंद. कुणी ठरवायची गरजच नव्हती, मर्यादा बैलांच्या खांद्यातच होती. मग इंजिन आलं, तेव्हा डिझेलचा खर्च आडवा यायचा. विजेच्या मोटारीनं तोही अडसर जवळजवळ काढला.

आणि मग बोअर. कठीण खडक फोडणाऱ्या रिग १९६० च्या दशकाच्या शेवटी युनिसेफच्या मदतीनं आपल्याकडे आल्या, त्या पिण्याच्या पाण्यासाठी. १९७२ च्या दुष्काळानंतर गावोगावी दिसू लागलेला हापसा त्याच कामाचा. (पुढे देशभर गेलेल्या 'इंडिया मार्क टू' हापशाचं मूळ आपल्या सोलापूरच्या पंपात आहे, हे किती जणांना माहीत असतं?) हापशावर हात दुखून येतो, माणूस थांबतो. पण त्याच भोकात सबमर्सिबल सोडली की दुखायला हातच उरत नाही.

नगर जिल्हा काळ्या पाषाणावर बसलाय. साधी विहीर वरच्या मुरमातलं, झिजलेल्या खडकातलं पाणी घेते. चांगला पाऊस झाला की ते पुन्हा भरतं. खोल बोअर त्याखालच्या भेगांत हात घालतो, आणि तिथं पाणी पोचायला वर्षानुवर्षं लागतात. एकानं दोनशे फूट मारला की शेजारी तीनशे मारतो. पाणाड्या हातावर नारळ ठेवून जागा दाखवतो, तमिळनाडूच्या नंबरप्लेटचा रिगचा ट्रक रात्रभर घरघरतो, आणि सकाळी कुणाची तरी जुनी विहीर कोरडी.

याच जिल्ह्यात, नगर शहरापासून फार लांब नाही, हिवरे बाजार आहे. पाऊस साधारण ४०० मिलिमीटर. ७२ नंतर गाव उजाड होत गेलं, माणसं पुण्या-मुंबईला गेली. १९८९ मध्ये पोपटराव पवार सरपंच झाले. पुढे चराईबंदी, कुऱ्हाडबंदी, श्रमदान, डोंगरावर चर, बांधबंदिस्ती, आणि १९९४ पासून आदर्श गाव योजना. हे सगळं तुम्ही वर्तमानपत्रांत वाचलंच असेल. फोटोही त्याचेच येतात, हिरव्या डोंगराचे.

मला मात्र दुसराच भाग महत्त्वाचा वाटतो, ज्याचा फोटो निघत नाही. पाणी आल्यावर गावानं ठरवलं, की शेतीसाठी बोअर मारायचा नाही. ऊस नाही, केळी नाही. आता हा कुठला जिल्हा आहे ते लक्षात घ्या. विठ्ठलराव विखे पाटलांनी लोणीला सहकारी साखर कारखाना उभा केला, तो हाच जिल्हा. इथं ऊस म्हणजे पैसा, पत, पोराचं लग्न. तो सोडा म्हणणं सोपं नव्हतं.

शिवाय कायदा? १८८२ चा ईझमेंट कायदा जमिनीखालच्या पाण्यावर जमीनमालकाचा हक्क मानतो. 'माझं रान, माझा बोअर' म्हणणारा माणूस कायद्याच्या दृष्टीनं चुकीचा नव्हता. आणि खरं सांगतो, त्याची बाजू मला पूर्ण खोटीही वाटत नाही. ज्याची विहीर खडकात लागली, त्यानं काय करायचं? गावाचं त्यावरचं उत्तर म्हणजे हिशोब. गावातच पर्जन्यमापक बसवले, विहिरींची पातळी मोजायला सुरुवात केली, पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेत मांडला. आधी माणसं आणि जनावरं, उरलं तर पिकं. पाऊस कमी झाला तर रब्बीचं क्षेत्र कमी, सरपंचाच्या रानातसुद्धा.

राज्याचा भूजल कायदा झाला २००९ चा, लागू झाला २०१४ मध्ये. अधिसूचित भागात ६० मीटरपेक्षा खोल विहिरीला त्यात बंदी आहे. पण रात्रीच्या अंधारात रिग किती फूट खाली गेली, हे फूटपट्टी घेऊन मोजणार कोण? हिवरे बाजारात तो प्रश्न आधीच सुटला होता, कारण मोजणारे आणि मारणारे एकच होते. आणि ताळेबंद एकदा मांडून संपत नाही. दर पावसाळ्यानंतर ग्रामसभा पुन्हा बसते, पुन्हा तोच वाद, पुन्हा ठराव.

पुढच्या भागात लोणीच्या उसाची गोष्ट. तोवर घरी एक फोन लावा आणि विचारा, आपला बोअर किती फुटांवर आहे, कोणत्या साली मारला, आणि त्याआधी विहिरीला पाणी कुठवर होतं. जे सांगतील ते मला पाठवा.