पुरात फोटो जातात ते पाण्याने कमी, नंतरच्या दोन दिवसांत जास्त

मंडळी, आज धरणाच्या विसर्गावर किंवा पूररेषेवर लिहीत नाहीये. त्यावर आपण दर पावसाळ्यात भांडतो आणि भांडलंच पाहिजे. आजचा विषय साधा वाटेल, पण माझ्या मते तोही सार्वजनिकच आहे. पुरात भिजलेले घरातले फोटो.

२००५ ला आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी ५३ फुटांच्या पुढे गेलं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये ५७ फुटांच्याही वर. २०२१ ला पुन्हा महापूर. दर वेळी पाणी ओसरलं की सांगलीच्या गल्ल्यांत तेच चित्र दिसतं. दारापुढे गाद्या, फुगलेलं प्लायवूड, फ्रीज, वह्या-पुस्तकं आणि त्याच ढिगात चिखलाने माखलेले अल्बम. मग डंपर येतो आणि सगळं एकदमच उचलून नेतो. पंचनाम्यात कपडे येतात, भांडी येतात, घराची भिंत येते. फोटोला रकाना नाही. त्याची भरपाई कोणी मागत नाही आणि मागितली तरी देणार काय?

पण इतिहासाच्या बाजूने बघा. संस्थानिकांचे, पुढाऱ्यांचे, मोठ्या वाड्यांचे फोटो कुठेतरी संग्रहात आहेत. तुमच्या-माझ्या आजीचा फोटो फक्त तुमच्या-माझ्या कपाटात आहे. लग्नात स्टुडिओत जाऊन काढलेला एकच फोटो, मागे रंगवलेला पडदा, बाजूला उंच स्टुलावर फुलदाणी. जुना घाट कसा होता, गल्लीत पहिली मोटार कोणाची आली, जात्यावर बसणारी बाई नेसायची कशी, हे गॅझेटियरमध्ये सापडत नाही. अशाच फोटोंच्या कडेला कुठेतरी दिसून जातं. अल्बम कचऱ्यात गेला की गावाच्या इतिहासाचं एक पान गेलं.

पुण्याला हे चांगलं माहीत आहे. १२ जुलै १९६१ ला पानशेतचं धरण फुटलं, पाठोपाठ खडकवासला फुटलं आणि मुठेकाठच्या पेठा पाण्याखाली गेल्या. आजही जुन्या पुणेकर घरात आधीचे फोटो मागितले तर उत्तर येतं, "ते पानशेतच्या पुरात गेले." विषय तिथेच संपतो.

आता गंमत अशी की फोटो हा मुळात पाण्यातूनच जन्माला येतो! डार्करूममध्ये कागद आधी डेव्हलपरमध्ये, मग हायपोमध्ये जातो आणि शेवटी बराच वेळ स्वच्छ पाण्यात धुतला जातो. मग पाण्याने तो मरेल कसा? मरतो तो दुसऱ्याच कारणाने. १८७१ मध्ये रिचर्ड मॅडॉक्स या इंग्रज डॉक्टरने जिलेटिनचा थर वापरण्याची युक्ती मांडली आणि पुढे जवळजवळ सगळी फोटोग्राफी त्या थरावर उभी राहिली. हे जिलेटिन जनावरांच्या हाडा-कातड्यापासून बनतं. भिजलं की फुगतं, बुळबुळीत होतं. तसंच वाळू दिलं तर शेजारच्या फोटोला, अल्बमच्या प्लास्टिकला, फ्रेमच्या काचेला घट्ट चिकटतं. मग ओढलं की चेहराच निघून येतो. ओलं ठेवून दिलं तर चिखलातले जंतू ते खातात आणि दोन दिवसांत बुरशी धरायला लागते. रंगीत फोटो कडेपासून आधी लालसर, मग पिवळा, मग कोरा पांढरा होत जातो, कारण त्यातले रंगांचे थर वरून खाली एकेक करून नाहीसे होतात.

म्हणजे खरा शत्रू आहे उशीर. जपानमध्ये ११ मार्च २०११ च्या त्सुनामीनंतर लोकांनी हे ओळखलं. ढिगारे उपसणाऱ्या जवानांनी आणि स्वयंसेवकांनी सापडलेले फोटो बाजूला काढले. मियागी प्रांतातल्या यामामोतो या छोट्या गावात साडेसात लाखांच्या आसपास फोटो गोळा झाले. ते धुतले, वाळवले, संगणकावर चढवले आणि लोकांनी येऊन आपापले ओळखून घरी नेले. फुजीफिल्म कंपनीने धुण्याची पद्धत शिकवली. पण मुख्य काम बादल्या, ब्रश आणि दोरीवरच्या चिमट्यांनीच केलं.

हे आपल्यालाही घरी जमतं. लिहून ठेवा:

१. पुराचं पाणी गटाराचं असतं. हातमोजे आणि मास्क घाला.

२. ओला अल्बम उन्हात टाकू नका. धुवायला वेळ नसेल तर थंड, स्वच्छ पाण्यात ओलाच राहू द्या, पण फार तर दोन दिवस. त्याहून उशीर होणार असेल तर फोटोंच्या मध्ये बटर पेपर घालून प्लास्टिकच्या पिशवीत भरा आणि कोणाच्या तरी फ्रीजरमध्ये ठेवा. सवडीने काढता येतात.

३. मागे शाईने नाव-तारीख असेल तर आधी मोबाईलवर त्याचा फोटो घ्या. शाई धुऊन जाईल.

४. परातीत थंड पाणी घ्या. फोटो कडेला धरून हलकेच हलवा. चित्राच्या बाजूला बोट किंवा फडकं लावू नका. पाणी गढूळ झालं की बदला. चिकटलेले फोटो पाण्यात आपोआप सुटेपर्यंत थांबा.

५. चित्र वर ठेवून टिपकागदावर किंवा जुन्या सुती कापडावर पंख्याच्या वाऱ्यात वाळवा, नाहीतर दोरीवर कोपऱ्याला चिमटा लावा. वर्तमानपत्र नको, शाई उतरते. कडा वळल्या तर पूर्ण वाळल्यावर वजनाखाली ठेवा.

६. काचेला चिकटून वाळलेला फोटो ओढू नका. काचेसकट स्कॅन करा.

७. घरच्या इंकजेट प्रिंटरवर काढलेले फोटो पाण्यात बुडवू नका, रंग वाहून जातील. काचेवरचे फार जुने फोटो घरी धुऊ नका, फ्रीजरमध्येही ठेवू नका. जाणकाराला दाखवा.

सगळे वाचवता येत नसतील तर ज्यांची निगेटिव्ह नाही ते आधी घ्या. आणि निगेटिव्ह सापडल्या तर त्याही फेकू नका, त्याही अशाच धुता येतात.

आता मागणी. पूर आला की आपल्याकडे अन्नछत्र उभं राहतं, औषधांचं टेबल लागतं, जनावरांसाठी चारा येतो. त्याच्या शेजारी फोटोंचं एक टेबल का नको? वॉर्डातल्या वाचनालयाने जागा द्यावी. कॉलेजची एनएसएसची पोरं दोन दिवस बसली तर शेकडो घरांचे अल्बम वाचतील. महापालिकेने सफाई कामगारांना एवढंच सांगावं की अल्बम दिसला तर डंपरमध्ये न टाकता बाजूला ठेवा. याला निधी लागत नाही, शासन निर्णयही लागत नाही.

तोवर घरातल्या जुन्या फोटोंचे आजच मोबाईलवर फोटो काढा आणि एक प्रत परगावच्या नातेवाइकाकडे पाठवा. अल्बम खालच्या कपाटात असेल तर माळ्यावर चढवा. आणि फोटोत कोण कोण आहे हे सांगणारं माणूस घरात असेपर्यंत नावं विचारून लिहून घ्या. ते काम पुरानंतर करता येत नाही.