कलकत्त्याचें बुद्धिबळमंडळ

खेळांचा इतिहास लिहावयाचा म्हटलें म्हणजे गंभीर वाचकाच्या कपाळाला थोडी आठी पडते. लढाया, तह, राज्यांची उलथापालथ हे इतिहासाचे खरे विषय. बत्तीस लाकडी मोहऱ्यांवर संध्याकाळ घालविणाऱ्या मंडळींनीं इतिहास तो काय घडविला असणार, असें त्यास वाटतें. परंतु आपली मराठी भाषा ह्या बाबतींत त्या वाचकाहून अधिक समंजस आहे. राजकारणांत आपण एकमेकांस शह देतों, शहास काटशह देतों, संकटावर मात करितों, आणि एखाद्या क्षुल्लक माणसाच्या हातून मोठ्याची फजिती झाली म्हणजे तिला प्यादेमात म्हणतों. ही शब्दसंपत्ति ज्या खेळानें आपणांस दिली, तो आपले पणजोबा ज्या रीतीनें खेळत ती रीत मात्र आज घरोघर विसरली गेली आहे. ती गेली कशी? कोणत्याही सरकारानें तसा कायदा केला नाहीं, कीं कोणी तिच्यावर बहिष्कार घातला नाहीं. ठराविक वारीं, ठराविक जागीं, ठराविक नियमांनीं खेळावयास जमणाऱ्या लोकांच्या साध्या मंडळांनीं हें स्थित्यंतर घडवून आणलें. त्याचा एक फार बोलका प्रसंग एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास कलकत्त्यास घडला. तो येथें सांगावयाचा आहे.

प्रथम जुन्या खेळाचें स्वरूप पाहूं. चतुरंगाचा उगम भरतखंडांतला, असेंच बहुतेक संशोधकांचें मत आहे. सातव्या शतकांतील बाणभट्टाच्या ‘हर्षचरितां’त त्याचा उल्लेख येतो. पैठणहून काशीस जाऊन स्थायिक झालेल्या भट्ट घराण्यांतील नीलकंठभट्टांनीं सतराव्या शतकांत आपल्या ‘भगवंतभास्कर’ ग्रंथाच्या नीतिमयूखांत ह्या खेळाचें वर्णन केलें आहे. राजनीतीचें विवेचन करितांना एका धर्मशास्त्र्यास बुद्धिबळासाठीं पानें खर्चावींशीं वाटलीं, ह्यावरून त्याची तेव्हांची योग्यता दिसून येते. हा खेळ इराण व अरबस्तान ह्यांच्या वाटेनें युरोपांत गेला. तेथें प्याद्यास पहिल्या चालीस दोन घरें जाण्याची मोकळीक मिळाली, आणि पंधराव्या शतकाच्या अखेरीस वजीर व उंट ह्यांस पटभर धांवण्याचें सामर्थ्य आलें. वजीर-उंटांचा हा लांब पल्ला पुढें आपल्याकडेही रुजला. परंतु प्यादें मात्र आपल्या जुन्या मर्यादेंतच राहिलें. तें पहिल्या चालीसही एकच घर चाले. राजाला एका चालींत हत्तीच्या आड बसविण्याचा युरोपीय किल्लेकोट आपल्या खेळांत नव्हता. त्याऐवजीं राजास, शह बसलेला नसेल तर, डावांत एकदां घोड्याची उडी घेतां येई. शेवटच्या घरीं पोहोंचलेलें प्यादें वाटेल तें मोहरें होत नसे; ज्या पट्टींतून तें वर चढलें, त्या पट्टीच्या मूळ धन्याचेंच रूप त्यास मिळे. प्रतिपक्षाचा राजा अगदीं एकटा उरला म्हणजे ‘बुर्जी’ होई, आणि तिला पुरती मात मानीत नसत. ह्याशिवाय प्रांताप्रांतांचे बारीकसारीक भेद होतेच.

अशा खेळाची चाल स्वाभाविकच संथ असे. दोन्ही फौजा आधीं आपापल्या मुलखांत मोर्चे बांधीत, आणि मग रणाला तोंड लागे. हा खेळ वाड्याच्या सोप्यावर, देवळाच्या ओट्यावर, शेजाऱ्याशीं नाहीं तर पाहुण्याशीं होई. दोघांस ठाऊक असलेला रिवाज तोच नियम; तो लिहून ठेवण्याची कोणास गरज भासत नसे. डाव संपला म्हणजे मोहरीं पिशवींत जात आणि डाव स्मृतींत जाई. ती स्मृति खेळणाऱ्यांबरोबरच नाहींशी होई.

युरोपांत ह्याच सुमारास एक निराळी व्यवस्था आकारास येत होती. तेथेंही पूर्वी हा खेळ कॉफीगृहांत चाले. येईल त्यानें बसावें, पैज लावावी आणि निघून जावें. परंतु १८०७ सालीं लंडन येथें, १८०९ सालीं झुरिच येथें आणि १८२२ सालीं एडिंबरो येथें बुद्धिबळाचीं मंडळें स्थापन झालीं. झुरिचचें मंडळ आजतागायत चालू असून तें जगांतील सर्वांत जुनें समजलें जातें. मंडळ म्हटलें कीं वर्गणी आली, बैठकीचा दिवस आला आणि नियमांचा कागद आला. मंडळ दुसऱ्या गांवच्या मंडळास आव्हान देऊं लागलें, तेव्हां तर नियमांची एकवाक्यता आणि चालींची नोंद ह्यांवांचून गत्यंतरच उरलें नाहीं. १८२४ ते १८२८ ह्या काळांत लंडन व एडिंबरो ह्या दोन मंडळांनीं टपालानें चाली पाठवून डाव खेळले आणि त्यांत एडिंबरोनें सरशी केली. त्यांतील एका आरंभाला ‘स्कॉच’ हें नांव पडलें, तें आजही चालतें. गंमत अशी कीं हा आरंभ प्रथम सुचविला तो लंडनच्या बाजूनें खेळणाऱ्या जॉन कॉक्रेन ह्या तरुणानें. आणि सामना चालू असतांनाच तो हिंदुस्थानांत निघून आला. सल्लागार गेल्यावर लंडनकरांचा डाव ढेपाळला, व प्रतिपक्षानें तोच आरंभ उचलून आपला केला.

हा कॉक्रेन १७९८ सालीं जन्मलेला एक स्कॉटिश बॅरिस्टर. १८२२ मध्यें त्यानें बुद्धिबळावर ग्रंथ लिहिला होता. कलकत्त्यास वकिली करितांना त्यानें हा नाद सोडला नाहीं. १८४०नंतरच्या पहिल्या वर्षांत तो रजेवर विलायतेस गेला, तेव्हां हॉवर्ड स्टाँटन ह्या अग्रगण्य खेळाडूशीं त्यानें शेंकडों डाव खेळले. परत आल्यावर कलकत्त्याच्या बुद्धिबळमंडळाचा तो आधारस्तंभ झाला. ह्या मंडळाची ऐपत व उत्साह लहान नव्हता. १८५१ सालीं लंडनांत पहिली आंतरराष्ट्रीय स्पर्धा भरली, तेव्हां कलकत्त्याच्या मंडळानें तिला १०० पौंडांची मदत पाठविली. बुद्धिबळाच्या जन्मभूमींतील मंडळानें लंडनच्या स्पर्धेस हातभार लावावा, हा योग मनन करण्याजोगा आहे.

परंतु ह्या मंडळाचें खरें महत्त्व त्या शंभर पौंडांत नाहीं. मंडळाच्या एका सभासदास मुफसलांत एक ब्राह्मण भेटला. त्याला कोणी कधीं हरविलें नाहीं, अशी त्याची ख्याति होती. ही वार्ता कॉक्रेनच्या कानीं गेली. त्यानें त्या गृहस्थाची गांठ घेतली, त्याचें पाणी जोखलें, आणि त्यास कलकत्त्यास आणविलें. हे महेशचंद्र बंद्योपाध्याय. युरोपीय किल्लेकोट व प्याद्याची दुहेरी चाल त्यांस त्या वेळीं ठाऊक नव्हती. जन्मभर अंगवळणीं पडलेले नियम बाजूस ठेवून त्यांनीं परके नियम आत्मसात् केले, आणि मंडळानें त्यांस पगारी खेळाडू म्हणून ठेवून घेतलें. पुढें अनेक वर्षें कॉक्रेन आणि महेशचंद्र ह्यांचा सामना ह्या मंडळांत चालला. त्यांचे शेंकडों डाव झाले. बेरजेनें पाहतां कॉक्रेनचें पारडें जड राहिलें, हें खरें. पण त्याच्याशीं बरोबरीनें खेळण्याची उमेद बाळगणारा कलकत्त्यांत हा एकच पुरुष होता, अशी साक्ष १८५० सालीं विलायतेंतील बुद्धिबळाच्या मासिकांत छापली गेली. श्यामाचरण घटक ह्या दुसऱ्या बंगाली खेळाडूशीं झालेले कॉक्रेनचे डावही नोंदलेले आहेत.

ह्यांपैकीं १८५५ सालच्या एका डावाकडे वाचकांनीं विशेष लक्ष द्यावें. पांढरीं मोहरीं कॉक्रेनचीं, काळीं महेशचंद्रांचीं. त्या काळच्या युरोपांतील शिष्टसंमत मत असें होतें कीं, पटाच्या मध्यावर आपलीं प्यादीं तत्काळ नेऊन बसवावीं. मध्य ज्याचा, डाव त्याचा. महेशचंद्रांनीं प्रथम राजाकडचा घोडा बाहेर काढला. मग त्याच बाजूचें, घोड्यापुढचें प्यादें एकच घर पुढें सरकविलें, आणि त्याच्या मागें मोकळ्या झालेल्या कोपऱ्याजवळच्या घरांत उंट नेऊन ठेवला. ह्या उंटाची तिरपी नजर तेथून साऱ्या पटावर पोहोंचते. ही चाल कोठून आली हें सांगावयास फार मोठा पंडित नको. ज्या खेळांत प्यादें एकच घर चालतें, तेथें उंटाला वाट करून देण्याचा हा अगदीं घरगुती उपाय आहे. आणि त्याच डावांत, उंट हालविण्यापूर्वीच, तिसऱ्या चालीस त्यांनीं वजिरापुढचें प्यादें युरोपीय रीतीनें दोन घरें लोटून मध्यावर आघात केला! स्वदेशी संयम आणि परकी धडाडी ह्यांचें हें एकाच डावांतील मिश्रण पाहून मन थक्क होतें. तो डाव महेशचंद्रांनीं जिंकला.

ह्यानंतर सुमारें सदुसष्ट वर्षांनीं, १९२२ सालीं, अर्न्स्ट ग्रुनफेल्ड ह्या व्हिएन्नाच्या खेळाडूनें ह्याच चालींची रचना मोठ्या स्पर्धांत आणली. मध्य दुरून धाकांत ठेवावा, तो प्रतिपक्षास व्यापूं द्यावा आणि मग फोडावा, हें तत्त्व त्या पिढीनें नवीन म्हणून मांडलें. घोडा आधीं काढणाऱ्या ह्या आरंभांच्या साऱ्या कुळास ‘इंडियन’ हें नांव मिळालें, आणि त्यांतील १८५५ सालच्या ह्या विशिष्ट रचनेस ग्रुनफेल्डचें. कॉक्रेननें १८४८ सालीं महेशचंद्रांविरुद्ध घोडा बळी देऊन जो हल्ला केला, तोही ‘कॉक्रेनचा गँबिट’ म्हणून प्रसिद्ध आहे. म्हणजे हल्ला करणाराचें नांव राहिलें, पुढच्या शतकांत तीच चाल पुन्हा शोधणाराचें नांव राहिलें. ज्यानें ती प्रथम खेळून दाखविली त्याच्या वांट्यास केवळ देशाचें सामान्यनाम आलें.

येथें अभिमानी वाचकास रोष येणें साहजिक आहे. तो म्हणेल कीं परक्यांच्या मंडळानें आमचा माणूस नोकरीस ठेविला, आमचे नियम मोडले आणि आमचें धन आपल्या नांवावर चढविलें. ह्या म्हणण्यांत तथ्य नाहीं असें नव्हे. पटावर दोघे समोरासमोर बसत तेव्हां बरोबरीचे होते. पटावरून उठल्यावर एक नामांकित बॅरिस्टर आणि दुसरा पगारी आश्रित होता, हें विसरून चालणार नाहीं. परंतु न्यायाच्या दृष्टीनें दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. महेशचंद्रांचे डाव आज आपणांस उपलब्ध आहेत ते कॉक्रेननें लिहून ठेवले आणि विलायतेस छापावयास धाडले म्हणूनच. त्यांत त्याच्या हारीचेही डाव आहेत. गांवच्या ओट्यावर महेशचंद्रांनीं कलकत्त्यास येण्यापूर्वी जे अजिंक्य डाव खेळले, त्यांतील एकही चाल आज कोणास ठाऊक नाहीं. जें मंडळांत आलें तें टिकलें. जें ओट्यावर राहिलें तें गेलें. आपल्या संगीताची, पाकशास्त्राची, कारागिरीची हीच कहाणी नाहीं काय?

आणि आपल्याकडे लिहिणारे नव्हतेच असेंही नाहीं. मुंबईस १८१४ सालींच त्रिवेंगडाचार्य शास्त्र्यांचें बुद्धिबळावरचें इंग्रजी पुस्तक छापलें गेलें. मूळ संस्कृतांतील कूटस्थिति त्यांत युरोपीय रीतीला जुळवून दिल्या होत्या. म्हणजे कॉक्रेन हिंदुस्थानांत येण्यापूर्वी दहा वर्षें एका शास्त्र्यास कळून चुकलें होतें कीं, जगाशीं बोलावयाचें तर जगाच्या नियमांनीं बोलावें लागेल. उणीव होती ती ग्रंथांची नव्हे, तर आठवड्यास नेमानें जमून ग्रंथ उघडणाऱ्या, वाद घालणाऱ्या आणि डाव टिपून ठेवणाऱ्या मंडळींची.

देशी रीतीचा खेळ लगेच मेला नाहीं. पंजाबचा मीर सुलतानखान त्याच रीतींत वाढला होता. १९२९ सालीं तो विलायतेस गेला, आणि १९२९, १९३२ व १९३३ अशीं तीन वर्षें ब्रिटिश अजिंक्यपद त्यानें मिळविलें. हेस्टिंग्जच्या १९३०-३१च्या स्पर्धेंत त्यानें कापाब्लांकासही हरविलें. तोही एका सरदाराच्या पदरचा आश्रितच होता. जागतिक संघटनेनें त्यास सन्मान्य ग्रँडमास्टर ही पदवी दिली ती २०२४ सालीं, त्याच्या मृत्यूनंतर ५८ वर्षांनीं! १९५१ सालीं अखिल भारतीय बुद्धिबळ संघ स्थापन झाला, आंतरराष्ट्रीय नियम सर्वत्र रूढ झाले, आणि जुनी रीत हळूहळू मावळली. तिच्या बदल्यांत जें मिळालें तें थोडें नाहीं. १९८८ सालीं विश्वनाथन आनंद देशाचे पहिले ग्रँडमास्टर झाले. २०२५ सालीं नागपूरच्या दिव्या देशमुख हिनें महिलांचा विश्वचषक जिंकला. हीं माणसें कोणाच्या पदरचीं नव्हेत. महेशचंद्र आणि सुलतानखान ह्यांस जें पटावरच मिळालें, तें ह्यांस पटाबाहेरही मिळालें आहे. आणि त्याचें पुष्कळ श्रेय गांवोगांवच्या लहान लहान मंडळांस द्यावें लागेल.

अशीं मंडळें आज आपल्या शहरांत ठिकठिकाणीं आहेत. आठवड्यांतून एक संध्याकाळ दहापांच माणसें जमतात, चहा होतो, हार-जीत होते, आणि घरचीं माणसें रिकामटेंकडेपणा म्हणून हंसतात. त्यांनीं हंसावें, पण त्या मंडळांत एक वही मात्र असावी. डाव टिपले जावे. आणि घरांत कोणी वृद्ध गृहस्थ बुर्जीची व राजाच्या उडीची गोष्ट सांगणारे असतील, तर त्यांच्या तोंडून त्यांच्या गांवचे नियमही त्याच वहींत उतरवून घ्यावे. मग एखाद्या संध्याकाळीं प्याद्यांस एकच पाऊल देऊन एक डाव जुन्या रीतीनें खेळून पाहावा. घोड्यापुढचें प्यादें सरकवून उंटाला वाट करून देण्याची बुद्धि आपणांसही आपोआप होते कीं नाहीं, ह्याचा अनुभव वाचकांनीं स्वतःच घ्यावा.