कॉलेजचा बँड कुठे उगवतो

कॉलेजच्या बँडची गोष्ट बहुतेक वेळा मैत्रीची म्हणून सांगितली जाते. वसतिगृहातली एक खोली, कुणीतरी गावाकडून आणलेली गिटार, बाकावर ठेका धरणारा एक मित्र, परीक्षा तोंडावर आलेली असताना रात्रभर चाललेली गाणी आणि मग एके दिवशी हजारो लोकांसमोरचा कार्यक्रम. ही गोष्ट खोटी नाही, पण अपुरी आहे, आणि ती धर्माबादसारख्या गावातून वाचताना तिचं अपुरेपण जास्त जाणवतं. मिरचीच्या बाजारासाठी ओळखलं जाणारं हे तेलंगणाच्या सीमेवरचं गाव कानानं गरीब नाही. इथे मराठी, तेलुगू आणि दखनी एकाच दुकानात बोलल्या जातात. गोदावरीकाठी बासरला सरस्वतीचं देऊळ आहे. नांदेडच्या सचखंड गुरुद्वाऱ्यात रोज कीर्तन चालतं. भजनी मंडळं आहेत, कव्वालीचे शौकीन आहेत, तेलुगू सिनेमाची गाणी तर हवेतच असतात. मित्रही इथे कमी नाहीत. तरीही नांदेड-लातूरच्या कॉलेजांमधून गिटार-ड्रमवर स्वतःची गाणी म्हणणारा आणि राज्यभर नाव झालेला बँड निघाला नाही. माझं म्हणणं असं, की बँड मैत्रीतून जन्मत असला तरी वाढतो मंचावर. आणि मंचही कुठलाही चालत नाही, मुलांकडे त्यांचं स्वतःचं गाणं मागणारा लागतो.

मुंबईचा इतिहास या म्हणण्याला बळ देतो. १९७० आणि १९७१ साली एका सिगारेट कंपनीनं ‘सिमला बीट’ नावाची अखिल भारतीय स्पर्धा भरवली. देशभरातले तरुण गट त्यासाठी मुंबईत आले आणि निवडक गाण्यांच्या दोन तबकड्या निघाल्या. त्यांत परदेशी गाण्यांच्या नकला आहेत तशाच काही स्वतःच्या रचनाही आहेत. सिगारेट खपवण्यासाठी उभारलेला तो मंच होता, त्यात उदात्त काही नव्हतं; पण निरनिराळ्या शहरांत एकेकट्यानं धडपडणारी मुलं त्यामुळे पहिल्यांदा एकमेकांना ऐकू आली. त्याच १९७१ साली पवईच्या आयआयटीत ‘मूड इंडिगो’ सुरू झाला. १९७९ साली सेंट झेवियर्सचा ‘मल्हार’ आला. ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर धोबी तलावाजवळच्या रंगभवनात ‘इंडिपेन्डन्स रॉक’ भरू लागला. खुलं नाट्यगृह, शेजारी कॉलेज, दोन्हीकडे रेल्वे, विद्यार्थ्याला परवडेल असं तिकीट. चर्चगेटला किंवा व्हीटीला उतरून चालत येता येईल असं ते ठिकाण होतं, आणि मुंबईच्या रॉक संगीताच्या वाढीत या साध्या गोष्टीचा वाटा कुठल्याही एका गिटारवादकापेक्षा मोठा आहे असं मी मानतो.

या मातीतून आलेलं सर्वांत मोठं नाव ‘रॉक मशीन’. १९८४ साली मुंबईत हा बँड उभा राहिला. गिटारवादक महेश तिनईकर सुरुवातीपासून त्यात होते, गायक उदय बेनेगल थोड्याच काळात आले. सुरुवात इतर सगळ्यांसारखीच झाली, परदेशी बँडांची गाणी हुबेहूब वाजवण्यापासून. तेव्हाच्या श्रोत्यांना तेच हवं होतं. रेकॉर्ड सहज मिळायच्या नाहीत, परदेशी बँड इकडे क्वचितच फिरकत, त्यामुळे मूळ गाण्याची जितकी जवळची प्रत, तितकी मोठी दाद. वाद्यांचीही तीच गत होती. आयात करामुळे परदेशी गिटार विद्यार्थ्याच्या हातात पडणं कठीण, देशी गिटारवर हात बसवायचा आणि सभा-समारंभातल्या भाषणांसाठी बनलेल्या ध्वनिवर्धकांतून ती वाजवायची. अशा काळात १९८८ साली ‘रॉक अँड रोल रेनेगेड’ हा संपूर्ण स्वतःच्या गाण्यांचा अल्बम काढणं हे धाडस होतं. १९९० साली दुसरा आला. १९९३ साली त्यांनी नाव बदलून ‘इंडस क्रीड’ केलं, सतार-तबल्याच्या वळणाचे सूर आपल्या गाण्यात येऊ दिले, ‘प्रिटी चाइल्ड’च्या चित्रफितीनं एमटीव्हीचा पुरस्कार मिळवला. नकलेकडून स्वतःच्या गाण्याकडे जाणारी ही पाच-दहा वर्षं मला या इतिहासाचा कणा वाटतात. चार मित्र नकला करत आयुष्यभर आनंदात राहू शकतात. त्यांना पुढे ढकलायला वर्षामागून वर्ष परत येणारा एकच श्रोतृवर्ग लागतो, जो तिसऱ्या वर्षी विचारतो, तुमचं काय? रंगभवनानं हा प्रश्न विचारला. पुढे रुग्णालयांच्या शेजारामुळे तो भाग शांतता क्षेत्र ठरला आणि एकविसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या वर्षांत तिथले असे कार्यक्रम बंद पडले. आजाऱ्यांची झोप महत्त्वाची आहेच. पण त्या जागेइतकी मध्यवर्ती आणि स्वस्त जागा शहरानं या मुलांना पुन्हा दिली नाही.

इथे पहिला आक्षेप येतो, आणि तो वजनदार आहे. मंच एवढा निर्णायक असेल तर ‘इंडस क्रीड’ १९९७ साली का थांबला? पुरस्कार होता, दूरचित्रवाणी होती, नाव होतं. याचं उत्तर त्याच्या पुढच्याच वर्षात आहे. दिल्लीच्या युनिव्हर्सिटी कॉलेज ऑफ मेडिकल सायन्सेसमधल्या विद्यार्थ्यांनी ऐंशीच्या दशकाच्या शेवटी ‘युफोरिया’ सुरू केला होता. पलाश सेन हा डॉक्टरकी शिकणारा मुलगा त्याचा गायक. विद्यापीठातल्या मित्रांच्या पॉप-रॉक बँडचं हे आपल्याकडचं सगळ्यांत ठळक उदाहरण. १९९८ साली त्यांचा ‘धूम’ आला, हिंदीत, ढोलकीसकट, आणि ज्या घरांत इंग्रजी गाणं कधी वाजलं नव्हतं तिथे पोचला. ‘इंडियन ओशन’नं १९९७ साली ‘डेझर्ट रेन’ काढला, २००० साली ‘कंदिसा’. नर्मदा खोऱ्यातलं गाणं त्यांनी गिटारसमोर आणून बसवलं. म्हणजे स्वतःचं गाणं मागणाऱ्या मंचानं आणखी एक गोष्ट मागायची असते, ती म्हणजे घरची भाषा. मुंबईच्या महोत्सवांनी पहिली मागणी केली, दुसरी केली नाही. त्यांचे परीक्षक, निवेदक, श्रोते इंग्रजीत वावरत होते. तिनईकरांसारख्या आडनावांच्या मुलांनीही मराठी गायली नाही, याचा दोष मी त्यांना देणार नाही; त्या मंचावर मराठीला जागाच नव्हती.

आता मराठवाड्याकडे येऊ. दुसरा आक्षेप इथलेच लोक घेतात: आपल्याकडे हे संगीत रुजणारच नाही, ते परकं आहे. पण हार्मोनियमही युरोपातूनच आली, आणि आज ती काढून घेतली तर भजन, कीर्तन, तमाशा, कव्वाली सगळंच अडेल. लग्नाच्या वरातीतले क्लॅरिनेट आणि ट्रम्पेट लष्करी बँडांतून आले. वाद्य कुठून आलं यावरून ते रुजेल की नाही हे ठरत नाही. ते कुणाच्या उपयोगी पडलं, यावरून ठरतं. शिवाय विद्यार्थ्यांनी एकत्र येऊन गाणं ही गोष्ट या भागाला नवी नाहीच. १९३८ च्या अखेरीस औरंगाबादच्या इंटरमिजिएट कॉलेजात आणि हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठात वसतिगृहातल्या मुलांनी बंदी झुगारून ‘वंदे मातरम्’ म्हटलं. त्यांना काढून टाकलं गेलं, आणि नागपूर विद्यापीठानं त्यांना प्रवेश दिला. निजामी राजवटीत गश्ती निशाण ५३ च्या फर्मानाखाली सभा-समारंभाला आधी परवानगी घ्यावी लागे. लोकांनी एकत्र जमणं हेच जिथे सरकारच्या मर्जीवर होतं, तिथे मंचाची सवय कशी लागावी? मुंबई विद्यापीठ १८५७ चं. नांदेडला पीपल्स कॉलेज निघालं १९५० साली, मराठवाडा विद्यापीठ आलं १९५८ साली, आणि स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ नांदेडला उभं राहिलं १९९४ साली. ‘रॉक मशीन’चं नाव बदललं त्याच्या दुसऱ्या वर्षी. हे अंतर मुलांच्या गुणवत्तेचं नाही, संस्थांच्या वयाचं आहे.

आणि जिथे मंच मिळाला तिथे मराठवाड्यानं काय केलं, ते भीमगीतांच्या गायन पार्ट्यांत दिसतं. माझ्या मते या भागातल्या बँडची खरी वंशावळ तिथेच शोधली पाहिजे. वामनदादा कर्डकांनी (१९२२–२००४) गावोगाव हिंडून स्वतः रचलेली गाणी गायली. त्यांच्यामागून आलेल्या शेकडो गायकांनी आणि गटांनी तेच केलं. मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराच्या लढ्यात, १९७८ च्या ठरावापासून १९९४ च्या नामविस्तारापर्यंत, गाणं हे लोकांना धरून ठेवण्याचं साधन होतं. ढोलकी-पेटीवर सुरू झालेल्या या पार्ट्यांनी पुढे कीबोर्ड घेतला, ऑक्टोपॅड घेतला, गिटार घेतली, कुणाची परवानगी न मागता. हे लोक मित्र आहेत, नातलग आहेत, एकत्र तालीम करतात, स्वतःचे शब्द लिहितात, एका टेम्पोत वाद्यं भरून रात्रभर प्रवास करतात. बँड याहून वेगळा काय असतो? हे घडलं, कारण दर १४ एप्रिलला, आंबेडकर जयंतीला, गावागावात मंच उभा राहतो आणि लोक नवं गाणं ऐकायला येतात. गेल्या वर्षीचंच गाणं परत म्हणणाऱ्या पार्टीला पुढचं बोलावणं येणं अवघड जातं. रंगभवनाचा प्रश्न इथे वस्तीतले लोक विचारतात, आणि मराठीत विचारतात.

मग हेच कॉलेजात का होत नाही? एक कारण लातूरच्या नावाशी जोडलेलं आहे. लातूर पॅटर्ननं या भागातल्या हजारो साध्या घरांतल्या मुलांना डॉक्टर-इंजिनिअर होण्याची वाट दाखवली. त्याची थोरवी कमी लेखणं कृतघ्नपणा होईल. पण त्या पद्धतीत अकरावी-बारावीची दोन वर्षं पहाटेपासून रात्रीपर्यंत बांधलेली असतात, आणि नेमक्या याच वयात हात वाद्यावर बसत असतो. बारावीनंतर पाच मित्रांतला एक पुण्याला, एक हैदराबादला, एक संभाजीनगरला जातो. धर्माबादच्या फलाटावर देवगिरी एक्स्प्रेस थांबते. ती एका बाजूला सिकंदराबादकडे जाते, दुसऱ्या बाजूला मुंबईकडे, आणि दोन्हीकडे मुलं घेऊन जाते. मराठवाड्यातली मुलं बँडमध्ये वाजवत नाहीत असं मुळीच नाही. ती पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजांत वाजवतात. तिथे फिरोदिया करंडकासारखी स्पर्धा आहे, जी एकाच प्रयोगात नाट्य, चित्र, नृत्य आणि मंचावर वाजवलेलं संगीत मागते, आणि बहुतेक वेळा मराठीत. मागणी झाली की मुलं रचना करतात.

नांदेड विद्यापीठाचा युवक महोत्सवही मोठा असतो, उत्साहाचा असतो, आणि लोककलांना त्यानं दिलेलं स्थान मोलाचं आहे. पोवाडा, लावणी, वासुदेव, जलसा तिथे जिवंत राहतात. पण विद्यापीठीय महोत्सवांची जी जुनी यादी देशभर चालते, तिच्यात सुगम गायन आहे, समूहगान आहे, पाश्चात्य गायन आहे, लोकवाद्यवृंद आहे. चार-पाच जणांनी स्वतः लिहिलेलं, स्वतः चाल लावलेलं गाणं स्वतः वाजवून म्हणायचा रकाना त्या यादीत नाही. शिवाय समूहगान बसवून द्यायला बरेचदा बाहेरचे शिक्षक येतात, महोत्सव संपला की गट मोडतो. मैत्री असते, तालीमही असते, पुढचं वर्ष नसतं.

शेवटचा आक्षेप आजच्या मुलांचा. आता मंच कशाला हवा, मोबाइल आहे ना? यात तथ्य आहे, आणि त्याचा पुरावा रॅपमध्ये आहे. अमरावतीच्या सौरभ अभ्यंकरसारखा, ‘१०० आरबीएच’ या नावानं गाणारा तरुण महानगराबाहेरून पुढे आला. पण हे उदाहरण नीट पाहिलं तर ते माझ्याच बाजूनं बोलतं. रॅपला एक मुलगा, एक वही आणि एक फोन पुरतो. ठेका तयार मिळतो. बँडला ड्रमचा सेट ठेवायला कुलपाची खोली लागते, शेजाऱ्यांची तक्रार येणार नाही अशी संध्याकाळ लागते, पाच जणांना एकाच वेळी मोकळं असावं लागतं. फोननं श्रोते जवळ आणले, खोली आणली नाही. म्हणून छोट्या गावांतून रॅपर निघाले आणि बँड निघाले नाहीत. हा आवडीनिवडीचा फरक नाही. धर्माबादच्या कॉलेजात एक खोली, एक ड्रमसेट, दोन ध्वनिवर्धक आणि संध्याकाळी सात वाजेपर्यंत किल्ली सांभाळणारा एक माणूस, एवढा खर्च स्नेहसंमेलनाच्या एका मांडवापेक्षा फार मोठा नाही. त्याला जोडून विद्यापीठानं महोत्सवात स्वतःच्या गाण्याचा एक रकाना उघडावा, मराठी, तेलुगू, दखनी, लमाणी, कुठल्याही भाषेत, आणि परीक्षकांत भीमगीतांच्या पार्टीतला एखादा जुना गायक बसवावा. नवं गाणं कुठलं आणि उसनं कुठलं, हे त्याला दुसऱ्या ओळीतच कळेल.