मांडवीचा खोटा रानपिंगळा

1914 साली गुजरातेतल्या मांडवीला आपण रानपिंगळा हे छोटं घुबड मिळवलं, असं रिचर्ड माइनर्टझहागेन या ब्रिटिश कर्नलने सांगितलं आणि पक्षी अभ्यासकांनी ते कित्येक दशकं खरं मानलं. मी यवतमाळात पक्ष्यांच्या नोंदी ठेवतो. ‘आपल्या भागात कधी न येणारा पक्षी दिसला’ असा फोन आला की मला मांडवी आठवते.

रानपिंगळ्याचं नामकरण 1873 मध्ये पक्षी अभ्यासक ह्यूम यांनी केलं, ब्लुइट यांना आजच्या छत्तीसगडात मिळालेल्या पक्ष्यावरून. 1880च्या दशकात जेम्स डेव्हिडसन यांनी खानदेशातून काही मिळवले. पुढे मांडवी सोडली तर शुकशुकाट. साऱ्या जगाच्या संग्रहालयांत मिळून सातच भरलेले पक्षी.

1990च्या दशकात पक्षी अभ्यासक पामेला रासमुसेन यांनी कर्नलचा पक्षी बारकाईने तपासला. आधी एकदा भरलेला, मग उसवून पुन्हा भरलेला. मूळच्या कामात डेव्हिडसनचा हात ओळखू येत होता. म्हणजे ब्रिटिश संग्रहालयातून खानदेशचा पक्षी उचलायचा आणि त्याच्या पायाला मांडवीची चिठ्ठी बांधायची! चोरीपेक्षा मला त्या चिठ्ठीचा संताप येतो. गावच खोटं लिहिलं, तर पुढचे शोधणारे भलत्याच जंगलात पायपीट करतात.

रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड अ‍ॅबट यांनी मांडवी सोडून दिली आणि खऱ्या चिठ्ठ्यांवरची ठिकाणं धरली. 25 नोव्हेंबर 1997 रोजी सातपुड्याच्या पायथ्याशी शहाद्याजवळ, सकाळच्या लख्ख उन्हात, उघड्या झाडावर रानपिंगळा बसलेला दिसला. 2014 मध्ये तर तो सातपुड्यापासून लांब, ठाणे जिल्ह्यातल्या तानसा अभयारण्यात सापडला.

टिपेश्वर, उमरखेडच्या सागवनातून माझ्याकडे ‘रानपिंगळा’ म्हणून आलेले फोटो आजवर साध्या पिंगळ्याचेच निघाले. माथा पाहावा. पिंगळ्याच्या माथ्यावर पांढरे ठिपके दाट असतात. रानपिंगळ्याचा माथा जवळपास कोरा, शेपटीवर मात्र रुंद पांढरे पट्टे. पाठ करून उडालेल्या पक्ष्याचा फोटोही त्यामुळे उपयोगी पडतो.

तुम्हाला असा पाहुणा दिसला, तर माथा आणि शेपटी येईल असा फोटो घ्या. तारीख, वेळ, गाव, शिवार त्याच दिवशी लिहून ठेवा. नाव ओळखता आलं नाही तर ती जागा रिकामी सोडा, आम्ही मिळून शोधू. गाव मात्र खरं लिहा.