हर्नियाचं ऑपरेशन रोबोटने की चिरा देऊन? जास्तीच्या पैशात नेमकं काय मिळतं?

हर्नियाचं निदान झालं की पूर्वी प्रश्न एवढाच असायचा, ऑपरेशन कधी करायचं? आता दुसरा प्रश्नही येतो, कसं करायचं? ओपन, दुर्बिणीतून की रोबोटिक? मोठ्या शहरांतली हॉस्पिटल्स रोबोटिक सर्जरीची जोरात जाहिरात करतात. बिलही त्याप्रमाणे वाढतं. मग रुग्णाला फायदा किती होतो?

हर्निया म्हणजे काय?

पोटाच्या पुढच्या बाजूला स्नायूंची भिंत असते. तिच्यात कुठे फट पडली की आतली चरबी किंवा आतडं बाहेर डोकावतं. खोकताना फुगवटा दिसतो, आडवं झालं की तो बहुतेक वेळा आत जातो. बेंबीचा हर्निया आणि सिझेरियनसारख्या जुन्या ऑपरेशनच्या टाक्यांवर होणारा इन्सिजनल हर्निया हे नेहमी दिसणारे प्रकार. जांघेतला हर्निया वेगळा, त्याबद्दल इथे बोलत नाही आहोत.

मोठ्या माणसांमध्ये ही फट औषधाने किंवा पट्टा बांधून बुजत नाही. नुसते टाके घालूनही अनेकदा भागत नाही. २००० साली 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये नेदरलँड्समधला एक अभ्यास आला. पहिल्यांदाच इन्सिजनल हर्निया झालेल्या रुग्णांपैकी फक्त टाके घातलेल्या ४३ टक्के लोकांना तो ३ वर्षांत परत झाला. जाळी बसवलेल्यांमध्ये हे प्रमाण २४ टक्के होतं. म्हणून आज अगदी लहान हर्निया सोडले तर बहुतेक वेळा जाळी बसवतात, मग ऑपरेशन कोणत्याही पद्धतीने होवो.

दोन्ही पद्धतींत फरक काय?

ओपन ऑपरेशनमध्ये हर्नियावर चिरा देतात, बाहेर आलेला भाग आत ढकलतात, जाळी बसवतात आणि स्नायू शिवतात. लहान हर्निया असेल तर कधी कधी पूर्ण भूलही लागत नाही.

रोबोटिकमध्ये पोटात कार्बन डायऑक्साइड भरून साधारण ८ मिलिमीटरच्या छिद्रांतून कॅमेरा आणि अवजारं आत घालतात. इथे पूर्ण भूल लागतेच. रोबोट स्वतःहून काहीही करत नाही. सर्जन बाजूच्या कन्सोलवर बसून त्याचे हात चालवतो. त्याला आतलं चित्र थ्रीडी आणि मोठं दिसतं. अवजारं मनगटासारखी वळतात, त्यामुळे पोटाच्या छतासारख्या अवघड जागी टाके घालणं सोपं जातं.

अभ्यास काय सांगतात?

अमेरिकेत २०१८ मध्ये आलेल्या एका अभ्यासात स्नायूंच्या मागे जाळी बसवलेल्या रुग्णांची तुलना केली होती. रोबोटिक ऑपरेशन झालेले साधारण २ दिवसांत घरी गेले, ओपनवाले ३ दिवसांत. जंतुसंसर्गात मोठा फरक नव्हता. जखमेच्या जागी पाणी साठण्याचं प्रमाण मात्र रोबोटिकमध्ये जास्त होतं, पण बहुतेकांना त्यासाठी वेगळे उपचार लागले नाहीत.

हर्निया परत होण्याचं काय? अमेरिकेतल्या मेडिकेअर योजनेच्या सुमारे १ लाख ६१ हजार रुग्णांची माहिती २०२४ मध्ये प्रसिद्ध झाली. परत झालेल्या हर्नियासाठी १० वर्षांत पुन्हा ऑपरेशन करावं लागण्याचं प्रमाण रोबोटिक, दुर्बीण आणि ओपन या तिन्ही पद्धतींत १२ ते १३.५ टक्क्यांच्या आसपासच होतं.

तिसरा पर्याय विसरू नका

घरी लवकर जाण्याचा फायदा लहान छिद्रांमुळेही मिळतो, आणि लहान छिद्रं साध्या दुर्बिणीच्या ऑपरेशनमध्येही असतात. २०२० मध्ये 'बीएमजे'मध्ये आलेल्या टेक्सासमधल्या चाचणीत १२४ रुग्णांवर या दोन पद्धतींची थेट तुलना झाली. ९० दिवसांत हॉस्पिटलमध्ये काढलेल्या दिवसांत फरक दिसला नाही. ऑपरेशनला मात्र दुर्बिणीने ७७ मिनिटं लागली, रोबोटने १४१, आणि खर्चही रोबोटचाच जास्त होता.

मग कोणासाठी काय?

बेंबीचा लहान हर्निया असेल तर छोट्या चिऱ्याचं ओपन ऑपरेशन अनेकदा पुरतं. मध्यम आकाराचा हर्निया, लठ्ठपणा किंवा मधुमेह असेल तर मोठी जखम टाळलेली बरी, तिथे दुर्बीण किंवा रोबोटचा विचार होतो. फारच मोठा हर्निया, जंतुसंसर्ग झालेली जुनी जाळी किंवा खराब झालेली त्वचा असेल तर बहुतेकदा ओपनच करावं लागतं.

होकार देण्याआधी हे विचारा:

• माझी फट किती सेंटिमीटरची आहे?
• दुर्बिणीने होईल का? नसेल तर का नाही?
• तुम्ही या पद्धतीने हर्नियाची किती ऑपरेशन्स केली आहेत?
• जाळी आणि रोबोटचा खर्च धरून एकूण बिल किती?

विम्याचंही आधीच तपासा. विमा नियामक आयआरडीएआयच्या २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार रोबोटिक सर्जरी विम्यातून वगळता येत नव्हती, पण कंपन्या त्यावर रकमेची मर्यादा घालू शकत होत्या. तुमच्या पॉलिसीत अशी मर्यादा असेल तर उरलेले पैसे खिशातून जातात.

एका वेळी मात्र पद्धत निवडत बसायचं नाही. फुगवटा आत जाईनासा झाला, कडक झाला, खूप दुखू लागला, उलट्या होऊ लागल्या किंवा गॅस आणि शौच बंद झालं, तर आतडं अडकलेलं असू शकतं. त्याचा रक्तपुरवठा थांबला तर काही तासांतच जिवावर बेतू शकतं. अशा वेळी रोबोट कुठे आहे हे शोधू नका, सर्जन असलेलं सगळ्यात जवळचं हॉस्पिटल गाठा.