स्टुडंट व्हिसावर असताना निकाह ठरला तर: पार्टनर व्हिसाबद्दल घरच्यांनी काय माहीत ठेवावं

मालवण, देवगड, खारेपाटण, बांदा या भागातल्या मुस्लिम घरांत परदेश म्हटलं की पूर्वी आखातच डोळ्यांपुढे यायचं. तिथे नवऱ्याच्या नोकरीवर बायकोचा फॅमिली व्हिसा निघतो आणि नोकरी संपली की दोघं परत येतात. आता आपली मुलं-मुली शिकायला ब्रिटन, ऑस्ट्रेलिया, अमेरिकेला जातात, आणि शिक्षण चालू असतानाच तिथल्या नागरिक मुलाचं किंवा मुलीचं स्थळ येतं. मग घरात पहिला प्रश्न असतो: स्टुडंट व्हिसाचं काय करायचं? परत येऊन नव्याने जायचं, की तिथे राहूनच तो बदलता येतो?

बऱ्याच देशांत तिथे राहूनच बदलता येतो. अडतं ते दोन ठिकाणी. झालेला निकाह कायद्याच्या नजरेत लग्न आहे का, आणि जुना व्हिसा संपायच्या आत अर्ज गेला का. आम्ही इथे ब्रिटनबद्दल जास्त लिहितो आहोत, कारण निकाहाचा घोळ तिथेच सर्वांत जास्त होतो.

ब्रिटनमध्ये आधी जोडीदाराकडे काय आहे ते बघा. तो ब्रिटिश नागरिक असेल किंवा त्याला कायमच्या वास्तव्याची परवानगी मिळालेली असेल, तर स्पाऊस व्हिसा, म्हणजे पार्टनर व्हिसा. जोडीदार स्वतःच वर्क व्हिसावर असेल तर मिळतो तो डिपेंडंट व्हिसा, आणि त्याचे नियम वेगळे. केअर वर्कर म्हणून गेलेल्यांना ११ मार्च २०२४ पासून नव्याने डिपेंडंट नेताही येत नाही. "मुलगा लंडनला सेटल आहे" एवढ्यावर रिश्ता पक्का करू नये. सेटल म्हणजे नेमकं काय, ते कागद बघून विचारावं. त्यात लाजण्यासारखं काही नाही, आपण मेहरही विचारूनच ठरवतो.

व्हिजिटर व्हिसावर गेलेल्याला हा बदल करता येत नाही, विद्यार्थ्याला येतो. उत्पन्नाची अट ११ एप्रिल २०२४ पासून वर्षाला २९,००० पौंड आहे, आधी ती १८,६०० होती. अर्ज ब्रिटनमधूनच होत असेल तर विद्यार्थ्याची तिथली कायदेशीर कमाईसुद्धा जोडीदाराच्या कमाईत धरता येते. भारतातून अर्ज केला तर ही सोय नाही, त्यामुळे तिथूनच बदलण्याचा हा मोठा फायदा. कमाई नसेल आणि फक्त बचत दाखवायची असेल तर ८८,५०० पौंड ६ महिने खात्यात लागतात. याशिवाय आरोग्य सेवेचा अधिभार वर्षाला १,०३५ पौंड. व्हिसा अडीच वर्षांचा मिळतो, म्हणजे एका माणसाचे २,५८७.५० पौंड आधीच भरायचे, अर्जाची फी वेगळी. हे आकडे बदलत असतात. अर्ज करायच्या दिवशी ब्रिटिश सरकारच्या संकेतस्थळावर ते पुन्हा बघून घ्यावेत.

आता निकाहाकडे येऊ. इंग्लंडमध्ये घरी, हॉलमध्ये किंवा नोंदणी नसलेल्या मशिदीत पढवलेला निकाह शरीअतप्रमाणे दुरुस्त असला तरी तिथल्या कायद्याने लग्न ठरत नाही. साउथॉलच्या एका रेस्टॉरंटमध्ये १९९८ मध्ये झालेल्या निकाहाचा खटला प्रसिद्ध आहे. सिव्हिल लग्न नंतर करू असं ठरलं होतं, पत्नी मागे लागत राहिली, ते कधीच झालं नाही. चार मुलं झाली. शेवटी फेब्रुवारी २०२० मध्ये लंडनच्या कोर्ट ऑफ अपीलने सांगितलं की हा विधी विवाह कायद्याच्या कक्षेतच येत नाही. म्हणून निकाहाबरोबरच रजिस्टर ऑफिसमधलं लग्न हवं, किंवा विवाहासाठी नोंदणी झालेल्या मशिदीत अधिकृत व्यक्तीसमोर निकाह. रजिस्टर ऑफिसला २८ दिवस आधी दोघांनी मिळून नोटीस द्यावी लागते. एकजण परदेशी असेल तर ही मुदत ७० दिवसांपर्यंत वाढवली जाऊ शकते. व्हिसा संपायला दोन महिने उरले असताना तारीख धरणं म्हणूनच धोक्याचं.

दुसरा मार्ग म्हणजे सुट्टीत गावी येऊन निकाह करणं. भारतात कायद्याप्रमाणे झालेला निकाह ब्रिटन लग्न म्हणून मानतो. पण नुसता उर्दू निकाहनामा फाइलला जोडून भागवू नये. महाराष्ट्रात विवाह नोंदणीचा १९९८ चा कायदा सर्व धर्मांना लागू आहे. ग्रामपंचायतीत किंवा नगर परिषदेत, काझीसाहेबांच्या आणि साक्षीदारांच्या सह्यांसह, ९० दिवसांच्या आत नोंद करावी. मुदत उलटली तरी नोंद होते, फक्त दंड आणि फेऱ्या वाढतात. नोंदणीच्या वेळी पासपोर्ट समोर ठेवा आणि स्पेलिंग त्यावरूनच उतरवा. निकाहनाम्यात एक, शाळेच्या दाखल्यावर दुसरं आणि पासपोर्टवर तिसरं नाव, हे आपल्याकडे घरोघरी आहे. शाळेत दाखले हाताळताना आम्ही रोज बघतो. उर्दू-मराठी कागदांचं इंग्रजी भाषांतर जोडताना भाषांतरकाराचं पूर्ण नाव, सही, तारीख, संपर्क आणि भाषांतर अचूक असल्याचा दाखला लागतो. मावशीच्या मुलाने व्हॉट्सअॅपवर करून दिलेलं भाषांतर तिथे चालायचं नाही.

वधू इथे आणि वर तिथे, असा व्हिडिओ कॉलवरचा निकाह कितीही सोयीचा वाटला तरी त्याच्या भरवशावर व्हिसाचा अर्ज करू नये. लग्न नेमकं कुठल्या देशात झालं, इथूनच वाद सुरू होतो. कुणाचं पहिलं लग्न मोडलेलं असेल तर तलाक किंवा खुल्याचा तोंडी हवाला पुरत नाही, कोर्टाचा हुकूमनामा सर्वांत भक्कम.

अर्ज मुदतीच्या आत गेला असेल तर निर्णय येईपर्यंत राहण्याचा हक्क चालू राहतो. मात्र अटी स्टुडंट व्हिसाच्याच, कामाचे तासही तेवढेच. या काळात ब्रिटन सोडलं तर अर्ज मागे घेतला असं धरतात. ईदला गावी येऊन जाऊ म्हटलं तरी नाही, आणि घरात मय्यत झाली तरी हाच नियम. आई-वडिलांनी हे आधीच समजून घेतलेलं बरं, नाहीतर "ये ना दोन दिवस" म्हणून आपणच फोन करतो. लग्न ठरलं म्हणून कोर्सही सोडू नये, विद्यापीठ ते सरकारला कळवतं आणि स्टुडंट व्हिसा रद्द होऊ शकतो. कायमच्या वास्तव्यासाठी पार्टनर व्हिसावरची ५ वर्षं मोजतात, शिकण्यात गेलेली वर्षं त्यात धरत नाहीत.

ऑस्ट्रेलियात चित्र जरा वेगळं आहे. तिथे अनेक इमाम सरकारमान्य विवाह अधिकारी असतात, त्यांनी लावलेला निकाह कायदेशीर लग्न ठरतो. नोटीस किमान एक महिना आधी द्यायची. व्हिसाचं नाव ८२०, आणि पुढचा कायमचा ८०१. स्टुडंट व्हिसावर ८५०३ ही अट, म्हणजे पुढे इथे राहायचं नाही, लागलेली नाही ना ते आधी बघा. अर्जानंतर ब्रिजिंग व्हिसा मिळतो. साधा ब्रिजिंग ए चालू झाल्यावर देशाबाहेर जाऊन परत यायचं तर आधी ब्रिजिंग बी घ्यावा लागतो. अमेरिकेत जोडीदार नागरिक असेल तर विद्यार्थ्याला तिथूनच ग्रीन कार्डचा अर्ज करता येतो, पण मधल्या काळात प्रवासाची परवानगी काढल्याशिवाय बाहेर पडू नये.

पार्टनर व्हिसा लग्नावर उभा असतो. लग्न मोडलं तर तोही जातो, आणि काही नवरे हीच धमकी देतात. घरात मारहाण किंवा छळ होत असेल तर ब्रिटनमध्ये पार्टनर व्हिसावरच्या पीडितेला नवऱ्याच्या संमतीशिवाय कायमच्या वास्तव्याचा अर्ज करता येतो. ऑस्ट्रेलियातही कौटुंबिक हिंसाचारासाठी तरतूद आहे. पण इंग्लंडमध्ये फक्त निकाह झालेला असेल आणि मुलगी स्टुडंट व्हिसावरच असेल, तर हा आसरा तिला मिळणं कठीण. व्हिसाचा सल्ला वकिलाकडून किंवा ब्रिटनच्या इमिग्रेशन अॅडव्हाइस अथॉरिटीकडे नोंद असलेल्या सल्लागाराकडूनच घ्यावा. पासपोर्ट, विवाह प्रमाणपत्र आणि व्हिसाच्या कागदांची एक प्रत मुलीच्या स्वतःच्या ईमेलमध्ये आणि एक माहेरी असू द्यावी.